एक बेस, टॉप नाही

जगातले सगळे जावई सासऱ्याचा आवाज जरा कमी व्हावा म्हणून नवस बोलतात. मी एकटाच असा निघालो की सासऱ्याचा आवाज वाढावा म्हणून सांगली ते मेढा वणवण केली, राहत्या सोसायटीचं पाणी तोडलं, पोलीस ठाण्याची पायरी चढलो आणि शेवटी अख्ख्या सासुरवाडीसमोर गुडघ्यावर बसलो. तरी मला त्याचा अभिमान आहे. नुसता नव्हे, लय अभिमान आहे, आणि हे मी बायकोसमोरही म्हणू शकतो.

आमचे सासरे हवालदार नाथाजी रांजणे फौजेच्या बँडात होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. बँड म्हटलं की लोकांना बिगूल आणि ढोल आठवतो, पण आप्पा वाजवायचे तो डबल बेस. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक व्हायोलिन घ्या, त्याला तूपरोटी घाला आणि माणसापेक्षा वीतभर उंच होईपर्यंत वाढू द्या. हे हनुवटीखाली धरत नाहीत. शेजारी उभं राहायचं, खांद्यावर हात टाकायचा आणि जाड जाड तारा बोटांनी ओढायच्या. आवाज निघतो तो खर्जातला, धुम्म, धुम्म. साहेब लोकांच्या मेसमध्ये जेवणाच्या वेळी जो ताफा वाजायचा त्यात मागच्या रांगेत, भिंतीला लागून, आप्पा असायचे. पुढं पलटणीनं तो जुना बेस मोडीत काढला तेव्हा आप्पांनी तो मागून घेतला आणि गावी आणला.

गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. घरटी एक माणूस फौजेत. तिथं चहाच्या टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला सहज विचारावं, तर तो बर्फात काढलेल्या दिवसांचं सांगायला लागतो. अशा गावात 'मी फौजेत धुम्म धुम्म करत होतो' हे सांगायचं म्हणजे छातीच पाहिजे. आप्पा सांगायचे. पण वाजवलेलं ऐकू यायला हवं ना? बेसचा आवाज हा असा आहे की नसला तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, आणि असला तर कुणाला कळत नाही. आमच्या ऑफिसात माझं साधारण तसंच आहे, पण तो विषय वेगळा.

मागच्या वर्षी गावात माजी सैनिकांचा मेळावा झाला. आप्पांचे दोन जुने सोबती फलटणकडून आले होते, एक ट्रंपेटवाले, एक क्लॅरिनेटवाले. ड्रमला गावातलाच एक निवृत्त नाईक. झकास कार्यक्रम झाला. आप्पा घाम पुसत खाली उतरले, तर पहिल्या रांगेत राहीआत्या बसलेल्या. राहीबाई म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कानंच नाथाला वाढवला, आणि भरतीलाही तीच हाताला धरून साताऱ्याला घेऊन गेली होती. तिनं विचारलं, "नाथा, समद्यांचं झालं. तू कवा वाजवनार?"

"वाजवलं की गं आक्का."

"कवा? म्या तर टक लावून बघत हुते. तू निस्ता त्येला धरून हुबा हुतास."

लोक हसले. आणि मग आम्हाला कळलं की राहीआत्या ही गोष्ट गेली कित्येक वर्षं, अगदी मायेनं, गावभर सांगत होत्या. "आमच्या नाथाला साहेबानं लाकूड धरून हुबं ऱ्हायाचं काम दिल्यालं. पन इमानदारीनं केलं बरं का पोरानं. कवा खाली पडू दिलं न्हाई."

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पानावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. माझी बायको संयोगिता म्हणाली, "आप्पा, आत्याचं काय मनावर घेता?" तर म्हणाले, "पोरी, सगळ्या फौजेनं न्हाई ऐकलं तरी चालंल. आक्कानं ऐकाया पायजे."

आता अशा वेळी शहाणा जावई काय करतो? ताक मागतो. मी ताडकन म्हणालो, "पुढच्या मेळाव्याला आत्याच्या कानात आवाज गेला नाही, तर नावाचा पृथ्वीराज नाही!" मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असलो तरी मूळचा बी.एस्सी. आहे, तेही फिजिक्स घेऊन. ते फिजिक्स इतकी वर्षं कालव्याच्या फायलींखाली दबून पडलं होतं, ते त्या क्षणी उसळून वर आलं. संयोगितेनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती मी स्वतः मिक्सर उघडायला घेतो तेव्हा पाहते.

समोर माईक ठेवायचा साधा उपाय त्या कार्यक्रमातच करून झाला होता. त्यात शेजारचा ट्रंपेटच शिरला, आणि वर तो दुप्पट झाला. सांगलीला आमच्या वरच्या मजल्यावर शिवतेज राहतो. घरून कॉम्प्युटरवर नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो, की उलटं, ते मला नक्की माहीत नाही. तो म्हणाला, "काका, पिकअप लावा." पिकअप म्हणजे बटणाएवढी चकती. ती वाद्याच्या लाकडाला चिकटवायची. लाकूड थरथरलं की ती थरथर वायरीतून स्पीकरकडे जाते. हवेतला ट्रंपेट वगैरे तिच्या खिजगणतीत नाही. मला हे फारच पटलं. म्हटलं, घे मागवून.

त्यासाठी बेस सांगलीला आणायला हवा होता. आप्पा आणि मी तो पांढऱ्या चादरीत गुंडाळून एसटी स्टँडवर नेला. कंडक्टरनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे उभं राहणार का बसणार?" मी म्हटलं, "उभं राहिलं तर छताला लागतं." "मग झोपवा मधल्या वाटेत." झोपवला. आप्पा त्याच्या डोक्यापाशी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मलकापूरला एक म्हाताऱ्या बाई चढल्या, त्या एकदम थबकल्या. मग पदर डोक्यावर घेतला, चादरीला हात जोडले आणि आप्पांना हळूच म्हणाल्या, "लय सोसलं असंल." आप्पा मान हलवत म्हणाले, "लय. पन कवा तक्रार न्हाई केली बघा." बाईंनी डोळे पुसले. मागच्या सीटवरच्या एकानं मोबाईलवरचं गाणं बंद केलं. मी खिडकीबाहेर बघत सांगलीची वाट पाहिली.

पहिली चकती कुरियरनं आली. शिवतेजनं ती बेसच्या पोटावर चिकटवली, वायर आपल्या गिटारच्या स्पीकरला जोडली, आणि आप्पांनी तार ओढली. काय सांगू तुम्हाला! कपाटातल्या काचेच्या बशा बोलायला लागल्या. आप्पा स्पीकरकडे असे बघत राहिले, जसा माणूस पहिल्यांदा नातवाचं तोंड बघतो. मी म्हटलं, "बी.एस्सी. आहे म्हटलं!" आणि तेवढ्यात चकती टप्पकन खाली पडली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे चकती चिकटवण्याचे दिवस. अपार्टमेंटमध्ये अशी एकही असामी उरली नाही जिनं सल्ला दिला नाही. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, खळ लावा, गव्हाच्या पिठाची. एकजण म्हणाले, पंक्चरचं सोल्युशन. एका गृहस्थांनी तर पुराणवास्तू कशा गूळ आणि चुन्यानं बांधल्या आहेत हे सांगितलं, आणि ते शेवटी किल्ल्यांवर घसरले. आमच्या घरात बेसच्या अंगावर खळ, सोल्युशन, टिकल्या, चिकटपट्ट्या असं सगळं झालं. चकती आपली मनात येईल तेव्हा चिकटायची आणि ऐन रंगात सुटायची. शेवटी संयोगितेनं कपडे वाळत घालायचा चिमटा आणला आणि चकती तारांखालच्या घोडीला चिमट्यानं पकडली. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी. चिमटा टिकला. मी तिला म्हणालो, "मीही हेच सुचवणार होतो." तिनं उरलेले चिमटे मोजून परत दोरीला लावले. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

चकती टिकली तर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. आप्पांनी तारेला हात लावला की बंद, हात काढला की सुरू. शिवतेज म्हणाला, अर्थिंगचा प्रॉब्लेम. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, फिजिक्समध्ये होतं. भिंतीतल्या प्लगचं तिसरं भोक हे आपल्याकडं निव्वळ शोभेला असतं. तेव्हा खाली बागेत स्वतंत्र खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून, पट्टी पुरायची असं मी ठरवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अर्ज मागितला. कारण काय लिहू? 'सासऱ्यांच्या आवाजाकरिता खड्डा' असं लिहिलं. त्यांनी तो वाचून मला बराच वेळ बसवून ठेवलं, पाणी दिलं आणि परवानगीही दिली.

पहार माझ्या हातात होती. मास्तर म्हणाले, जरा डावीकडं. पंक्चरवाले म्हणाले, छे, उजवीकडं. मी कुणाचंच न ऐकता मधोमध घाव घातला, आणि बागेत कारंजं उडालं. पिण्याच्या पाण्याचा मुख्य पाइप. अख्खी इमारत बादल्या घेऊन खाली आली. त्यात ते सेक्रेटरी सर्वांदेखत मला म्हणाले, "तुम्ही पाटबंधारे खात्यातच आहात ना हो?" या प्रश्नात वाईट असं काहीच नाही, पण तो विचारायची एक पद्धत असते. मी मान ताठ ठेवून, पायजमा ओला तसा, वर गेलो. पुढं कळलं की घूंऽऽ अर्थिंगमुळं नव्हतंच. वायर फ्रिजच्या मागून गेली होती. ती तिथून काढली आणि घूंऽऽ थांबलं, पण घोडीला चिमटा लावल्यानं बेसचा आवाजही निम्म्यावर आला होता.

"पाव्हणं, जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "आक्काला काय, समजावू कायतरी." पण त्यांची बोटं बोलताना मांडीवर तार ओढत होती. म्हटलं, आता माघार नाही. आता गाठायचं ते थेट मिरज. तारांच्या वाद्याचं काही असेल तर मिरजेसारखं गाव नाही, तिथले कारागीर भोपळ्यातून गंधार काढतात.

लियाकतभाईंचं दुकान तंबोऱ्यांनी भरलेलं होतं. त्यांनी बेसला प्रदक्षिणा घातली. पोटावर टिचकी मारली, कान लावला, आणि नाडी पाहिलेल्या वैद्यासारखं म्हणाले, "साहेब, हे मुकं हाय."

"मुकं नाही हो, आवाज कमी आहे."

"तेच म्हणतो मी. घोडी बघा केवढी बारकी. असल्या घोडीवर तार काय बोलणार? आणि कुणी घडवलं हे? जवारीचा पत्ताच नाही! तुमी निर्धास्त जावा. चकती पण आत बसवतो, आणि याला वाचा पण देतो. आमच्या तीन पिढ्या हेच करतायत."

मी निर्धास्त गेलो, ही माझी चूक. जवारी म्हणजे काय ते सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं असा काही घासतात की तार सुटताना त्यावर हलकेच खरडते, आणि त्यातून तो भरलेला झंकार निघतो, ज्यानं गवय्याच्या डोळ्यांत पाणी येतं. लियाकतभाईंनी फौजेच्या डबल बेसला रुंद नवी घोडी बसवली आणि तिच्यावर मन लावून जवारी काढली.

आम्ही बेस आणायला गेलो. आप्पांनी तार ओढली. धुम्म नाही हो, झ्यांऽऽयँऽऽ! दुकानातले सगळे तंबोरे त्याच्याबरोबर गुणगुणायला लागले. गांधीलमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज रस्त्यापर्यंत गेला. लियाकतभाईंनी डोळे मिटले. "आता कसं बोलतंय!"

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "अवं, ह्याच्यावर स्लो मार्च वाजवायचाय! साहेबाच्या म्होरं ह्ये वाजवलं असतं तर कोर्टमार्शल झालं असतं माजं."

"आवाज कमी हाय म्हणून आलावता ना?" लियाकतभाई दुखावले. "आता वाढला तर नको?" खरं सांगायचं तर त्यांचंही बरोबर होतं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भांडणांत समोरच्याचंही बरोबर असतं, म्हणून मी कधी जिंकत नाही. मग चहा झाला, दुसरा चहा झाला, आप्पांनी त्यांना फौजेतली एक गत नुसत्या तोंडानं धुम्म धुम्म करून ऐकवली. लियाकतभाई मांडीवर ताल धरत म्हणाले, "असं हाय होय! मग हे गवई नाही, तबलजी हाय म्हणा की." आणि जुनी घोडी परत बसवून, तिच्या पायाशी नाजूक खाच कोरून, चकती त्यात अशी बसवून दिली की जसा दागिन्यात खडा. वायर दुसऱ्या टोकाला एका छोट्या डबीत, आणि डबीतून स्पीकरकडे. वाजवून पाहिलं. धुम्म. स्वच्छ, गोल, खणखणीत. मी मिरजेहून सांगलीला छाती फुगवून आलो.

हे टिकलं खंडेनवमीपर्यंत. नवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. गाडी, विळी, शिवणयंत्र, झालंच तर कॉम्प्युटर. मग ज्या बेसनं फौजेत चाकरी केली त्याची पूजा नको? पाट मांडला, बेसला पाण्याचा हात फिरवला, हळदीकुंकू वाहिलं. मी स्वतः केली पूजा, दुसऱ्या कुणाला दोष देणार नाही. घोडीला बोट लावलं, तारांना लावलं, आणि डबीवरही चांगलं ठसठशीत कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, म्हणून वाजवून पाहिलं नाही. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आप्पांनी तार ओढली, तर खर्रर्र खट् खर्रर्र.

शिवतेजनं डबी उघडली. आत पिन जिथं बसते तिथपर्यंत ओलं कुंकू आणि दोन तांदूळ. तो इतका हसला की मी दार लावून घेतलं. "काका, अहो, याला सर्व्हिस सेंटरवाले काय म्हणतील?" म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू दे, हात तर जोडतील. साफसफाई झाली, आवाज परत आला. पण त्या पुसापुशीत खाचेतली चकती ढिली झाली, ती आप्पांनी मेणानं बसवली. मेळावा तोंडावर आला होता. पुन्हा मिरजेला जायला वेळ नव्हता.

आणि स्पीकर लावायचा म्हणजे पोलीस परवानगी आली. गावच्या सरपंच क्रांतीताई म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं तुमीच बघा, तुमचं शिक्षण झालंय." शिक्षणाचा असा सन्मान झाला की नाही म्हणता येत नाही. बेस गावी परत आणलाच होता, मी आप्पांना आणि त्याला घेऊन मेढ्याच्या ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी अर्जावरनं नजर फिरवली आणि 'बेस' शब्दावर थांबले. गणपतीतल्या भिंतींएवढ्या स्पीकरांनी ते बिचारे आधीच पोळलेले, आणि त्या भिंतीत खालच्या धडधडणाऱ्या खोक्यांना बेस म्हणतात, वरच्यांना टॉप.

"किती बेस?"

"एक."

"टॉप किती?"

"टॉप नाही."

"एक बेस, टॉप नाही?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "अशी कुठं डॉल्बी असते व्हय? मला येड्यात काढताय काय?"

मी चादर काढली. ठाण्यातले सगळे जमले. हवालदार म्हणाले, "वाजवून दाखवा. आवाज किती होतोय बघू, मग ठरवू." आप्पा ताठ उभे राहिले, एक कडक सलाम ठोकला आणि जीव ओतून वाजवायला लागले. ठाण्यात पंखा चालू होता, वायरलेस खरखरत होता, बाहेर एसटी मागं घेत होते. हवालदारांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "हं, करा सुरू."

"सुरूच आहे," मी म्हणालो.

ते पुढं वाकले, कान दिला, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. "हॅ! मग काय हरकत न्हाई. असं न ऐकू येणारं वाजवायला परवानगी कशाला पायजे? द्या शिक्का मारून." मला आनंद झाला. पण बाहेर आलो तर आप्पा पायरीवर बसलेले. "पाव्हणं, आक्काचंच खरं," ते म्हणाले. "निम्मं आयुष्य म्या लाकूड धरून हुबा हुतो." मी त्यांच्या शेजारी बसलो. उगाच बेसची चादर नीट करत राहिलो.

मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या मैदानावर सारा गाव लोटला. मेढ्याहून अश्फाक साउंडवाला आला होता. त्यानं आपले दोन मोठे खोके दोन्हीकडं उभे केले, चकतीची वायर जोडली, आप्पांनी एक तार ओढली आणि ती नीट आली. मी राहीआत्यांना पहिल्या रांगेत, बरोबर खोक्यासमोर बसवलं. त्या म्हणाल्या, "मला हितं कशापायी? नाथाला हुबा ऱ्हायल्यालं मला मागनं बी दिसतंय की."

मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे कार्यक्रम हा सत्कारांच्या फटीत बसवतात. प्रत्येक माजी सैनिकाला शाल, नारळ, हार. वाजवणाऱ्यांना शाल, नारळ, हार. क्रांतीताई भावनेच्या भरात माईकवर म्हणाल्या, "आन् ज्या वाद्यानं आपल्या आप्पांच्या खांद्याला खांदा लावून देशसेवा केली, त्याचाबी सत्कार झाला पायजे!" टाळ्यांचा कडकडाट. झेंडूचा एक भलामोठा हार बेसच्या गळ्यात पडला आणि सरकत जाऊन थेट घोडीवर बसला. मला दरदरून घाम फुटला. आप्पांनी हार काढायला ओढला, त्यात वायर अडकली, आणि मेणातली चकती सुटून लोंबकळायला लागली.

ट्रंपेट सुरू झाला. क्लॅरिनेट आला. ड्रम आला. आप्पांची बोटं चालू होती, आवाज शून्य. तिकडं अश्फाकला कळेना आवाज का येत नाही. तो आपला एकेक बटण वर सारत होता, अगदी शेवटपर्यंत. आणि पहिल्या रांगेत राहीआत्या शेजारणीला मायेनं सांगत होत्या, "बग, कसा सरळ धरलाय."

त्यानंतर मी काय केलं ते मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. मी स्टेजवर उडी मारली. नवा सफारी घातला होता. गुडघ्यावर बसलो, बेसच्या मागून हात घातला, चकती पकडली आणि घोडीच्या पायाशी अंगठ्यानं गच्च दाबून धरली.

ढूऽऽम्म!

शाळेचे पत्रे थरथरले. वडावरचे कावळे उडाले. सत्काराच्या टेबलावरचा नारळ गडगडत खाली गेला. कुणाच्या तरी मांडीवरचं मूल रडायला लागलं. ढूऽऽम्म, ढूऽऽम्म. प्रत्येक ठोका माझ्या अंगठ्यातून कोपरापर्यंत जात होता. आप्पा आधी दचकले, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्या माणसानं जी बोटं टाकली! ट्रंपेटवाले मागं वळून बघायला लागले. इतकी वर्षं ज्याच्या आधारानं वाजवलं, तो आवाज त्यांनीही बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, आप्पांचं जावई खाली बसून काय करत्यात?" कुणी म्हणालं, "धरून बसल्यात." हसा म्हटलं, खुशाल हसा. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या अंगठ्यानं एवढं मोठं काम कधी केलं नव्हतं.

मी राहीआत्यांकडं बघत होतो. आधी त्यांचा हात छातीवर गेला. मग त्यांनी खोक्याकडं पाहिलं. मग आप्पांच्या बोटांकडं. बोट हललं की आवाज, बोट थांबलं की आवाज बंद. पुन्हा खोका, पुन्हा बोट. मग त्या काठी टेकत उठल्या, स्टेजपाशी आल्या आणि हात वर केला. बँड थांबला. 

"नाथा," त्या म्हणाल्या, "ह्ये तूच व्हय रं?"

"व्हय आक्का. मीच."

"आन् तकडं, साहेबाच्या म्होरं? तवाबी तूच वाजवत हुतास?"

"तवाबी मीच, आक्का."

त्या गावाकडं वळल्या. आवाज असा काढला की माईकची गरज पडली नाही. "ऐकलंसा का रं समद्यांनी? धरून हुबा न्हवता माजा नाथा! वाजवत हुता! म्या येडी, म्या उगंच सांगत फिरले!" त्यांनी दोन्ही हातांनी आप्पांची दृष्ट काढली, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "ऐकू आलं रं बाबा, लय ग्वाड हाय. पन आता वाईच हळू वाजीव. कान फुटायची येळ आली."

मैदानात हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या. आप्पा मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडं खाली वाकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि छाती अशी काढली होती जशी त्या गावात पदकवाल्यांनीही काढली नसेल.

"पाव्हणं, ऐकलंसा? आक्का म्हनली हळू वाजीव. उभ्या जन्मात मला कुनी हळू वाजीव म्हनलं न्हवतं."

"मग सोडू का अंगठा?" मी विचारलं.

"सोडू नगा," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तारेला हात घातला. "दाबा आजून."